जमिनीचा कस आणि माणसाचा करार

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं व्याख्यानासाठीं मीं शेतजमिनीचा विषय निवडला, याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्या ज्युबिलीच्या नांवानें आपण हा सोहळा करीत आहों, तिचा मूळ नियम लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पाहिला, तर तो बराचसा जमिनीचाच कायदा आहे. दर सातव्या वर्षीं शेताला विसांवा द्यावा. अडचणीपायीं विकलेली जमीन पन्नासाव्या वर्षीं मूळ कुटुंबाकडे परत जावी. आणि मध्यंतरीं जमिनीचा सौदा झालाच, तर पुढील ज्युबिलीपर्यंत किती पिकें निघतील हें मोजून तिची किंमत ठरवावी, अशी ती योजना होती. शेताचा विसांवा आणि कुटुंबाचा हक्क या दोन गोष्टी त्या शास्त्रानें एकाच प्रकरणांत घातल्या आहेत. जमिनीला विश्रांति व अन्न मिळतें कीं नाहीं, हें तिला कसणाऱ्या माणसावर कर्ज किती आणि त्याचा हक्क किती दिवसांचा यावर अवलंबून असतें, ही गोष्ट त्या प्राचीन लोकांस ठाऊक होती. आपल्या दख्खनच्या जमिनीविषयीं आज मला जें सांगावयाचें आहे, तें याच सूत्राला धरून आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें. मातीचा हिशेब लांब मुदतीचा असतो. शेणखत शेतांत घातलें म्हणजे त्याचा थोडाच गुण पहिल्या पिकास लाभतो. उरलेला दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं उतरतो. बांध घातला तर त्याच्या पोटांत गाळ सांठून शेत सुधारण्यास कित्येक पावसाळे जातात. विहीर खणली तर तिचा खर्च फिटण्यास वर्षें लागतात. आणि जी माती एकदां वाहून गेली, ती पुन्हा तयार होण्यास शेंकडों वर्षेंही पुरत नाहींत. माणसाचे आपसांतील व्यवहार मात्र एका हंगामाचे, एका वर्षाचे असतात. हे व्यवहार जेथें आंखूड होतात, तेथें माती उपाशी राहते. जेथें ते लांब होतात, तेथें तिचें पोषण होतें. म्हणून जमिनीच्या आजाराचें कारण शोधतांना मातीबरोबर सातबाऱ्याचा उतारा, सावकाराची वही आणि बाजाराचा भाव हेही तपासले पाहिजेत.

आपला जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तो बहुतांशीं अवर्षणाचा प्रदेश. पश्चिमेस अकोल्याचे डोंगर सोडले, तर सह्याद्रि ओलांडून येणारे ढग आपल्यापर्यंत रिते होऊनच पोंचतात. नदीकांठीं खोल काळी, मध्यें हलकी मुरमाड, आणि चढावर बरड व माळ, अशी जमिनीची रचना. उन्हाची तीव्रता एवढी कीं, मातींतील कुजलेलें द्रव्य लवकर जळून जातें. म्हणून तें पुन्हा पुन्हा घालावें लागतें. आपले पूर्वज हें जाणून होते. ते बाजरींत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरीत, कारण द्विदल धान्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत आणतात. धनगरांचे कळप शेतांत रात्रभर बसवून त्याबद्दल त्यांस धान्य देत. ज्ञान होतें, रीतही होती. मग कस उतरला कसा? याचें उत्तर शोधण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं पुणें प्रांतांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जमिनीची मोजणी करून सारा बसविला. निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा ५५ हिस्सा सरकारचा, असें त्याचें गणित होतें. कागदावर तें सुबक दिसलें. परंतु शेतांत तें टिकलें नाहीं. सारा झेपेना, तेव्हां लोकांनीं जमिनी सोडल्या. पुढें १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नवी मोजणी आरंभिली. त्यांनीं सारा हलका केला, तो तीस वर्षांसाठीं कायम केला, आणि शेतकऱ्यानें स्वतःच्या पैशानें केलेल्या सुधारणेवर कर वाढूं नये हें तत्त्व स्वीकारलें. पडीक जमीन पुन्हा लागवडीस येऊं लागली. माती तीच होती, पाऊसही तोच होता. मुदत तेवढी बदलली होती.

परंतु त्याच शतकांत दुसरा फास पडला, तो कर्जाचा. जमीन विकतां व गहाण ठेवतां येऊं लागली, न्यायालयें सावकाराच्या कागदावर हुकूमनामे देऊं लागलीं, कापसाच्या तेजींत कर्जें फुगलीं आणि तेजी ओसरल्यावर तीं छातीवर बसलीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, व तो वणवा आपल्या जिल्ह्यांतही पसरला. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो या दंग्यांच्या चौकशीनंतरच. इतिहासांत ही गोष्ट दंग्याची म्हणून सांगतात. मला ती मातीची म्हणूनही सांगावीशी वाटते. ज्याचें सारें वाढावें धान्य खळ्यावरूनच सावकाराच्या घरीं जातें, तो बांध घालण्यासाठीं उन्हाळाभर कां राबेल? त्यानें शेत दुप्पट पिकविलें तरी त्याच्या घरांत येणारी भाकर तेवढीच. असा शेतकरी बैल विकतो. बैल गेले कीं शेण गेलें. सरपण विकत घेतां येत नाहीं म्हणून उरल्या शेणाच्या गोवऱ्या होतात. आणि जें शेतांत जावयाचें तें चुलींत जातें. ही साखळी कोणा एकाच्या आळसाची नव्हे. कर्जाच्या वहींतून निघून ती शेतापर्यंत येऊन पोंचते.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत हें बारकाईनें पाहिलें होतें. डोंगरांवरून पावसाबरोबर येणारा पालापाचोळा शेतांचें खत कसें होत असे, कुरणें व रानें बंद झाल्यानें गुरें कशीं घटलीं, आणि सरकारनें आपल्या फौजेच्या व पोलिसांच्या हातून ताली-बंधारे बांधून पाणी जमिनींत मुरवावें, असें त्यांनीं मांडलें. ज्याला आज आपण पाणलोट विकास म्हणतों, त्याचा विचार सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं या मातींतच झाला होता.

तिसरें कारण वांटणीचें. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, १७७१ सालीं त्या गांवीं एका खातेदाराची जमीन सरासरीनें ४० एकर होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर राहिली. त्यांतही ती एका जागीं नव्हती. भावाभावांनीं वांटणी करतांना काळ्या रानाचा तुकडा सर्वांस, मुरमाडाचाही सर्वांस, विहिरीची पाळीही सर्वांस, अशी न्यायबुद्धि ठेविली. न्याय झाला, परंतु शेताच्या लांबट पट्ट्या पडल्या. जी पट्टी चढावरून उताराकडे जाते, तिच्यांत आडवा नांगर वळविण्यास जागा नसते. शेतकरी उताराच्या दिशेनेंच नांगरतो, आणि प्रत्येक तास पावसाळ्यांत ओहोळ बनून माती घेऊन जातो. १९४७ सालीं तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झाला. तरीही जेथें कुटुंबाला शेतीवांचून दुसरा आधार नाहीं, तेथें कायद्याच्या पाठीमागें तोंडी वांटण्या होतच राहिल्या. पिंपळे सौदागर येथें तर आतां उंच इमारती उभ्या आहेत. त्या जमिनीचा प्रश्न पिकाकडून सुटला नाहीं, तो शहरानें गिळून टाकला.

चौथें कारण हक्काचें. आणि येथें आपल्यांतील कित्येक घरांच्या जुन्या आठवणी जाग्या होतील. गांवाची चाकरी वंशपरंपरा करावी आणि त्याबद्दल वतनाची थोडी जमीन खावी, ही व्यवस्था महार समाजाच्या वांट्यास आली होती. ती जमीन साऱ्या भाऊबंदांत विभागलेली, चाकरीला जखडलेली, आणि तिच्या मोबदल्यांत रात्रंदिवस गांवकीचें काम. ज्याला आपल्या वेळेचीच मालकी नाहीं, तो जमिनीची मशागत वेळेवर कशी करणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें, तें याच बंधनावर घाव घालण्यासाठीं. कनिष्ठ गांवकामगार वतनें रद्द करण्याचा कायदा मात्र १९५८ सालीं झाला. ठराविक रक्कम भरून जमीन परत मिळण्याची तरतूद त्यांत होती. पण तीही हस्तांतराच्या निर्बंधांसह. पिढ्यान् पिढ्या जी जमीन धड आपली नव्हती, ती हलकी राहिली म्हणून तिच्या धन्यास दोष देणें अन्यायाचें आहे.

कुळांची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनीं हजारों कुळें जमिनीचीं मालक झालीं, हें मोठें कार्य झालें. कसणारा मालक झाला कीं तो खत घालतो, विहीर खणतो, झाड लावतो. परंतु जेथें कूळ मालक झालें नाहीं, तेथें उलट परिणामही घडला. जमीन जाईल या भयानें धनी आतां कोणास कागद लिहून देत नाहीं. जमीन अर्धेलीनें किंवा खंडानें दिली जाते ती तोंडी, एका सालापुरती, आणि पुढील सालीं कसणारा बदलला जातो. मघाशीं सांगितलेलें शेणखताचें गणित येथें लावून पाहा. खताचा गुण तीन वर्षें उतरणार, आणि करार एका वर्षाचा. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचें फळ दुसऱ्याच्या पदरांत पडणार असेल, तर वाटेकरी गाडीभर खत कां ओतील? तो युरियाची थैली आणतो, कारण तिचें फळ याच पिकाला मिळतें. त्याची निवड मूर्खपणाची नाहीं. त्याच्या कराराच्या मुदतीशीं ती अगदीं जुळणारी आहे. इंग्लंडांतही हाच प्रश्न उद्भवला होता. तेथें १८७५ व १८८३ च्या कायद्यांनीं, जमीन सोडून जाणाऱ्या कुळास त्यानें घातलेल्या पण अद्याप न संपलेल्या खताचा मोबदला देण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे हा विचार रुजला नाहीं.

आतां पाटाच्या पाण्याकडे वळूं, कारण आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागाचें भाग्य त्यानेंच फिरलें. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. १९५० च्या अखेरीस लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. शेतकऱ्यांनीं स्वतःच्या मालकीचा कारखाना उभारावा, ही थोर घटना होय. परंतु पाण्याचा दुसरा चेहरा त्यापूर्वींच दिसला होता. नीरा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला, आणि १९१० सालीं डॉ. मॅन व ताम्हणे यांस नीरा खोऱ्यांतील खारावलेल्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पंचवीस वर्षांत हा पालट!

याचें शास्त्र सोपें आहे. काळी माती चिकण असते. भिजली कीं फुगते आणि पाण्यास खालीं जाण्यास वाट देत नाहीं. वर्षानुवर्षें गरजेहून अधिक पाणी दिलें कीं भूगर्भांतील पाण्याची पातळी वर चढते. तें पाणी मातीच्या सूक्ष्म वाटांनीं पृष्ठभागीं येतें, उन्हानें उडून जातें, आणि त्यांतील क्षार मागें राहतात. प्रथम जमिनीवर पांढरें मीठ फुललेलें दिसतें. पुढें जमीन चोपण होते. मग तींत ऊंसही वाढत नाहीं आणि ज्वारीही उगवत नाहीं.

परंतु शेतकरी जास्त पाणी देतो कां? प्रथम, पाण्याची पट्टी दीर्घकाळ पिकाच्या क्षेत्रावर होती, पाण्याच्या मापावर नव्हती. एक एकर ऊंस भिजविला कीं पाळी दहा वेळां मोडली काय आणि पंधरा वेळां काय, आकार तोच. दुसरें, पाळी पुन्हा केव्हां येईल याचा भरंवसा नसल्यामुळें आलें तेवढें घेऊन ठेवणें हेंच शहाणपण ठरलें. तिसरें, ऊंसाला गिऱ्हाईक ठरलेलें, आणि सोसायटीचें कर्ज ऊंसाच्या बिलांतून कापून घेतां येत असल्यामुळें ऊंसाला कर्जही सहज मिळे. हरभऱ्याला तसें मिळत नसे. चौथें, वरच्या शेतकऱ्यानें दिलेलें जादा पाणी खालच्याच्या शेतांत फुटतें. चूक एकाची, भोग दुसऱ्याचा. २००५ सालीं पाणीवापर संस्थांचा कायदा करून महाराष्ट्रानें संस्थांस पाणी मापून देण्याचें तत्त्व स्वीकारलें, तें या अनुभवावरूनच. उपायही आहे. चर काढून अथवा जमिनीखालीं छिद्रांच्या नळ्या घालून क्षारयुक्त पाणी काढून दिलें कीं खारावलेली जमीन सुधारते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत तें करून दाखविलें गेलें आहे. मात्र एका शेतांतील नळी दुसऱ्याच्या शेतांतून ओढ्यापर्यंत नेल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणजे शेजाऱ्याशीं बोलल्यावांचून हा रोग बरा होत नाहीं.

खतांच्या बाबतींतही भावच माणसाचा हात धरून नेतो. १ एप्रिल २०१० पासून केंद्र सरकारनें स्फुरद व पालाशयुक्त खतांस पोषणद्रव्यांप्रमाणें ठराविक अनुदान देऊन त्यांचे भाव बरेचसे मोकळे केले. युरियाची किंमत मात्र बांधलेलीच ठेविली. ४५ किलोच्या थैलीची किंमत, कर व निंबलेपनाचा आकार सोडून, २४२ रुपये ठरली. डीएपीची थैली तिच्याहून कितीतरी पटींनीं महाग. मग गरीब शेतकरी स्वस्त तें अधिक टाकणार आणि महाग तें टाळणार, यांत आश्चर्य काय? नत्रानें पान हिरवेंगार दिसतें, शेतकऱ्यास समाधान वाटतें, पण इतर द्रव्यें व सेंद्रिय अंश आंतून रिते होत जातात. पाचट जाळण्याचेंही तसेंच आहे. पाचट सरींत आच्छादून ठेवावें हें सर्वांस कळतें. परंतु मजुरी महाग, खोडव्याची घाई, आणि जमीन दुसऱ्याची असली तर काडी ओढणें फारच सोपें.

२०१५ सालीं सरकारनें मृदा आरोग्य पत्रिका काढली. तींत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन, आम्ल-विम्लता, क्षारता व सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टींची तपासणी असते. पत्रिका उपयोगी आहे; ती अवश्य घ्यावी. परंतु शेत कोणाच्या नांवावर आहे, कोण कसतो, किती वर्षांच्या भरंवशानें कसतो, आणि त्याच्यावर कर्ज किती, हें ती सांगत नाहीं. बारा गोष्टी प्रयोगशाळेंत कळतात. ही तेरावी गोष्ट गांवानेंच स्वतःस विचारावी लागते.

गांवानें ती विचारली तर काय घडतें, याचीं उदाहरणें आपल्या आसपासच आहेत. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखालीं व पुढें दुष्काळी कामांतून सरकारनें पुष्कळ समपातळी बांध घातले. शास्त्रदृष्ट्या ते बिनचूक होते. परंतु समपातळी रेषा कोणाच्या शेताच्या मधूनच जाते, तर कोणाचा कोपरा तोडते. शेतकऱ्यास न विचारतां घातलेले असे कित्येक बांध त्यानेंच नांगरून टाकले, आणि हद्दीवरचे आपले जुने बांध मात्र जपले. तांत्रिक ज्ञान बरोबर असूनही शेतकऱ्याची संमति नसेल तर माती राखली जात नाहीं, हा त्यांतील धडा.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या एकरांवर न वांटतां कुटुंबांतील माणसांच्या संख्येवर वांटावें, भूमिहीनासही त्याचा वांटा असावा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊं नये, आणि ऊंस लावूं नये, असे त्याचे नियम. आपल्या जिल्ह्यांत राळेगणसिद्धी व हिवरें बाजार या गांवांनीं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व श्रमदान यांच्या बळावर माळ हिरवे केले. हिवरें बाजारानें पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं शेतीसाठीं बोअर घेणेंही बंद केलें. स्वित्झर्लंडमधून १९४८ सालीं भारतांत आलेले येसू संघाचे फादर हर्मन बाखर यांनीं याच अहमदनगर जिल्ह्यांत कित्येक वर्षें शेतकऱ्यांमध्यें काम केलें. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी मुरवावें आणि तें काम गांवानें स्वतःच्या समितीनें चालवावें, या तत्त्वावर त्यांनीं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमास रूप दिलें. २०२१ सालीं ते निवर्तले. आपल्या धर्मप्रांतांत त्यांची ओळख सांगण्याची गरज नाहीं.

परंतु येथें एक कटु प्रश्न टाळतां येत नाहीं. चराईबंदी झाली म्हणजे पहिला घास कोणाचा जातो? ज्याला शेत आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढतें. ज्याला शेत नाहीं, त्याच्या दोन शेळ्यांचा चारा बंद होतो. धनगरांचें तर सारें जीवनच माळावर. माती सुधारण्याची किंमत भूमिहीनानें द्यावी आणि लाभ जमीनवाल्यानें घ्यावा, हें न्यायाचें नाहीं, आणि तें टिकतही नाहीं. रात्रीं कोणी ना कोणी शेळ्या सोडतोच. जेथें गांवानें कापून नेण्यासाठीं गवताचा वांटा ठेविला, कामाची मजुरी प्रथम भूमिहीनास दिली, किंवा पाणी पंचायतीप्रमाणें त्यासही पाण्याचा हक्क दिला, तेथें हें व्रत टिकण्यास आधार मिळतो. आपल्यांतील पुष्कळांस जमीन नाहीं, किंवा आहे ती अत्यल्प. म्हणून हा प्रश्न आपण सभेंत विचारलाच पाहिजे.

आतां उपदेश न करितां चार विनंत्या करितों.

पहिली, ज्यांनीं आपली जमीन वाट्यानें दिली आहे त्यांस. कसणारास निदान तीन वर्षांचा शब्द द्या; खताचा अर्धा खर्च उचला; आणि मध्येंच जमीन परत घेण्याची वेळ आली तर उरलेल्या खताचें मोल त्यास द्या. कायद्याची बाजू जाणत्या माणसाकडून समजून घ्या. पण भयापोटीं जमिनीला उपाशी ठेवूं नका. कोणत्याही संस्थेच्या किंवा धर्मग्रामाच्या मालकीचें शेत असेल, तर हा पायंडा प्रथम तिनेंच पाडावा.

दुसरी, भाऊबंदांस. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यांत मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखा. तो हक्क मुलीस मनापासून द्या. मात्र हक्काची वांटणी झाली म्हणून शेताच्या पट्ट्या पाडल्याच पाहिजेत असें नाहीं. हिस्से कागदावर ठेवून शेत एकत्र कसतां येतें, उत्पन्न वांटून घेतां येतें, आणि नांगर उताराला आडवा धरतां येतो.

तिसरी, घरधन्यांस. शेण उचलणें, बी राखणें, खुरपणें हीं कामें बहुतेक घरीं बायाच करितात. त्यांचें नांव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्जासाठीं त्यांस सोसायटीच्या दारांत कोणी विचारीत नाहीं. नवऱ्यामागें शेत सांभाळणाऱ्या बहिणीला ही अडचण किती जाचते, हें आपण सर्व जाणतों. तिचें नांव वेळेवर लावा.

चौथी, बागायतदारांस. पाटाच्या खालच्या बाजूस ज्याचें शेत आहे, त्याच्या जमिनीवर मीठ फुललें आहे काय, तें एकदां जाऊन पाहा. फुललें असेल तर चराच्या खर्चांत आपलाही वांटा धरा. आणि ऊंसाच्या खोडव्यानंतर एखादें वर्ष हरभरा किंवा ताग घेऊन जमिनीला श्वास घेऊं द्या.

बंधुभगिनींनो, सारा हलका झाला तेव्हां पडीक जमीन पुन्हा उगवली. कर्ज वाढलें तेव्हां ती ओसाड झाली. कूळ मालक झालें तेव्हां ती सुधारली. आणि करार एका सालावर आला तेव्हां ती पुन्हा खालावली. मातीनें आपणांस प्रत्येक वेळीं खरें तेंच उत्तर दिलें आहे. पाऊस आपल्या हातीं नाहीं, बाजारभावही फारसा नाहीं. परंतु धनी व वाटेकरी, भाऊ व बहीण, वरचा शेजारी व खालचा शेजारी यांच्यामधील शब्द आपल्याच हातीं आहे. येत्या पाडव्याला वाट्याचे व्यवहार नव्यानें ठरतील. त्या दिवशीं पोतीं किती याबरोबरच वर्षें किती, हेंही एकमेकांस विचारा, एवढेंच माझें मागणें आहे.